मलमाचा हात

घोडी विकत घेतली त्या आठवड्यात सासूबाई सुनेशी बोलल्या नाहीत. जेवायला वाढायच्या, दार उघडायच्या, सुनेचा फोन वाजला तर आणून हातात द्यायच्या, पण तोंडातून अक्षर नाही. शेवटी एक दिवस भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "गाडी घेतली असतीत तर निदान मला दवाखान्यात तरी नेता आलं असतं." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

सून एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती. दिवसभर काउंटरमागे उभं राहायचं, डॉक्टरांची किरटी अक्षरं लावायची, "उपाशीपोटी नाही, जेवून घ्या" हे येईल त्याला सांगायचं. आणि दुकान उघडायच्या आधी गावाबाहेरच्या पागेत जाऊन घोडीवर बसायचं. तिचे वडील एका रायडिंग स्कूलमध्ये घोड्यांना नाल ठोकायचे, तिथूनच हे वेड अंगात शिरलं होतं. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. घोड्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठली यापलीकडे त्याला काही कळत नव्हतं, पण बायकोच्या वेडाला त्यानं कधी नाट लावला नाही. "मी लोकांना वर-खाली नेतो, तू सरळ जा," असं म्हणायचा.

घोडी राखाडी, अंगानं बारीक, पायांनी लांब. कागदोपत्री तिचं नाव चांगलं भारदस्त होतं. पण सासूबाई पहिल्यांदा पागेत आल्या तेव्हा ती खुंट्यापासून पाण्याच्या हौदापर्यंत इतकी रमतगमत, दर पावलाला विचार करत गेली, की त्या म्हणाल्या, "ही शर्यतीची? ही तर गोगलगाय आहे!" तेच नाव पडलं. पुढे शर्यतीच्या मैदानातही लोक तिला गोगलगाय म्हणूनच ओळखू लागले.

ती शर्यत होती लांब पल्ल्याची. तिच्यात एका दमात सुसाट पळून काही होत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माळ, टेकड्या, शेतातल्या वाटा, मधूनच डांबरी रस्ता अशा फेऱ्या मारायच्या. प्रत्येक फेरी संपली की घोडं डॉक्टरांपुढे उभं करायचं. ठरल्या वेळात नाडी खाली आली नाही, चालताना पाय जरा जरी आखडला, तर शर्यत तिथंच संपली. घोडं बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीनं डॉक्टर बोलतो, असं या खेळातली माणसं म्हणतात. सुनेला हा खेळ आवडायचा तो त्याच्यासाठीच.

गोगलगाय पळायला पक्की होती, पण पाणी प्यायची नाही. अनोळखी जागा, अनोळखी बादली, की मान वर. आणि इतक्या लांबच्या शर्यतीत पाणी न पिणारं घोडं म्हणजे आज ना उद्या कोसळणारं घोडं. सुनेनं सगळे उपाय करून पाहिले. घरची बादली नेली, पाण्यात सफरचंदाचा रस घातला, गाजरं किसून घातली. घोडी वास घ्यायची आणि तोंड फिरवायची.

तो प्रश्न सोडवला सासूबाईंनी, तोही चुकून. एका छोट्या शर्यतीला त्या "घरी बसून तरी काय करू" म्हणून आल्या होत्या. थांब्यावर मंडळींसाठी काकड्या चिरून मीठ लावत होत्या. घोडीनं मान लांब करून त्यांचा हात चाटला. त्या दचकून ओरडल्या, मग हसल्या, मग हात तसाच पुढे धरला. खारट हात चाटून झाला, तशी घोडीनं बादलीत तोंड घातलं आणि घटाघटा अर्धी बादली संपवली.

"अहो आई, परत करा!" सून म्हणाली.

"माझा हात काय चाटण आहे का?" सासूबाई म्हणाल्या, पण त्यांनी पुन्हा मिठात हात घातला.

त्या दिवसापासून प्रत्येक शर्यतीला सासूबाई मदतनीस. गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर टोपी, पायात नातवाचे असावेत तसे रंगीत बूट. नातू नव्हता, मुलाबाळांचा विषय त्या घरात निघून निघून थकला होता आणि आपोआप बंद पडला होता. सासूबाई आता शेजारणींशी घोडीबद्दल बोलायच्या. "आमची गोगल आज नीट जेवली नाही." शेजारणींना वाटायचं, कोणी पाहुणी आली आहे.

*

निवडीची शर्यत मोठी होती. तिघांचा संघ, तिघांच्या वेळा मिळून जो संघ वर येईल तो परदेशातल्या स्पर्धेला जाणार. संघाचा कप्तान एरवी शाळेची बस चालवायचा. पन्नाशी ओलांडलेला, गुडघ्यांनी कुरकुरणारा, बोलायला गोड माणूस. त्याची ही शेवटची संधी होती आणि ते तो स्वतःच हसत हसत सांगायचा: "पुढच्या वेळेला घोडा मला नाही, मी घोड्याला धरून चालेन."

ऊन कडक होतं. सासूबाई दिवसभर बादल्या उचलत होत्या. घोडीच्या अंगावर पाणी ओतायचं, मान, छाती, पोटाखाली, पुन्हा भरायची, पुन्हा ओतायची. शेवटच्या थांब्याच्या आधी त्यांचं मनगट सुजलं. त्या खुर्चीवर बसून मनगट चोळत राहिल्या. तेवढ्यात लांबून राखाडी ठिपका दिसला आणि त्या उठून पळाल्या.

घोडी घामानं निथळत आली. सुनेनं खोगीर उतरवलं. सासूबाईंनी मिठाचा हात पुढे केला. घोडीनं बोटं, तळवा, मनगट, सगळं चाटून घेतलं आणि भरपूर पाणी प्यायली. नाडी झटकन उतरली. डॉक्टर म्हणाले, "झकास. जा."

गोगलगाय दुसरी आली, कप्तान पाचवा. संघ पहिला. कप्तान घोड्यावरून उतरला आणि घोड्याच्या मानेत तोंड खुपसून उभा राहिला. बराच वेळ त्यानं कोणाला तोंड दाखवलं नाही. सासूबाईंनी दिसेल त्याला मिठी मारली, त्यात एक अनोळखी पंचही सापडला.

मग पांढऱ्या कोटातली एक बाई आली. वर आलेल्या घोड्यांचे औषध-तपासणीसाठी नमुने घ्यायचे होते. गोगलगायीला एका बंद ठाणात नेलं, ताजा भुसा पसरला. ती बाई लांब दांड्याला बांधलेलं भांडं घेऊन कोपऱ्यात उभी राहिली आणि शीळ वाजवू लागली. शीळ ऐकून घोडी मुततात. ती वाजवतेय, घोडी भुसा हुंगतेय. सून दमून भिंतीला टेकली होती, तिला हसू आवरेना. शेवटी एकदाचं काम झालं. दोन बाटल्या भरल्या, सुनेदेखत सील लागलं, सुनेनं सही केली. खिशातलं गाजर तिनं घोडीला दिलं आणि बाहेर येऊन दोन माणसांचं जेवण एकटीनं जेवली.

*

फोन आला तेव्हा सून काउंटरवर होती. समोर एक आजोबा खोकल्याचं औषध मागत होते आणि त्यातलं कुठलं गोड लागतं ते विचारत होते. घोडेस्वारी महासंघातला तो माणूस सभ्य होता. म्हणाला, घोडीच्या नमुन्यात डायक्लोफेनॅक सापडलं आहे. पत्र येईलच. तोवर तुम्ही आणि घोडी, दोघींनाही शर्यतीत उतरता येणार नाही.

"काय सापडलं?" सुनेनं विचारलं. ऐकू आलं होतं, तरी विचारलं.

डायक्लोफेनॅक तिच्या पाठीमागच्या फळीवर होतं. गोळ्या होत्या, इंजेक्शनं होती, ट्यूब होत्या. दुखणं कमी करणारं साधं औषध. पाठ धरली, पाय मुरगळला की लोक तेच न्यायचे. माणसानं घेतलं तर बिघडत नाही. पण शर्यतीच्या घोड्याच्या अंगात त्याचा मागमूसही चालत नाही, कारण पाय दुखतोय हे ज्याला कळत नाही ते घोडं पाय मोडेपर्यंत पळतं. हे सुनेला कोणी सांगायची गरज नव्हती. नवीन येणाऱ्या पोरापोरींना ती स्वतःच हे समजावून सांगायची.

"अहो ताई, गोड कुठलं?" आजोबांनी पुन्हा विचारलं. तिनं हाताला लागली ती बाटली पुढे सरकवली, मग परत ओढून घेतली, नाव वाचलं, आणि दुसरी दिली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोक वाईट बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. "काहीतरी चूक असेल हो," असं म्हणायचे आणि मग जरा थांबून, "पण तुमचं तर औषधांचंच दुकान ना?" त्यापुढे सून काय बोलणार? मला कळत नव्हतं म्हणावं तर खोटं. मला कळत होतं म्हणावं तर आणखीच वाईट. एखादीला औषधातलं काही कळत नसतं तर लोकांनी हळहळून सोडून दिलं असतं.

दुसरी बाटली आपल्यासमोर उघडायची तिनं मागणी केली. प्रयोगशाळेत जाऊन काचेपलीकडे उभी राहिली. त्या बाटलीतही तेच निघालं.

मग शोध सुरू झाला. घोडीला द्यायची क्षारांची पेस्ट, जीवनसत्त्वांची पावडर, खुराकाची पोती, सगळ्याचे नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत गेले. तिनं प्रत्येक गोष्ट नेहमी पारखून घेतली होती. त्यातलं काही वाईट निघावं अशी प्रार्थना करायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली. सगळं स्वच्छ निघालं. शर्यतीच्या ठाणात आदल्या रात्री दुसरं घोडं होतं का, गवत कोणाचं होतं, तेही विचारून झालं. हाती काही लागलं नाही.

कप्तान रोज बस सोडून घरी जाताना पागेत डोकवायचा. एकदाही त्यानं "कसं झालं" असं विचारलं नाही. "वहिनी, जेवलात का?" एवढंच विचारायचा. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर सुनेला बरं वाटलं असतं.

*

एका संध्याकाळी सून दुकानातून आली. सासूबाई खिडकीपाशी बसून मनगटाला मलम चोळत होत्या. ते मनगट त्या शर्यतीपासून धड बरं झालंच नव्हतं. ट्यूबचं टोपण त्यांनी दातात धरलं होतं. निळी-पांढरी ट्यूब. सांधे धरतात म्हणून सुनेनंच मागे दुकानातून आणून दिलेली, शर्यतीलाही सासूबाईंच्या पिशवीत असायची.

सून चपला न काढता उंबऱ्यातच उभी राहिली. तिला थांबा दिसला, खुर्ची दिसली, मनगट चोळणाऱ्या सासूबाई दिसल्या, आणि घोडीची लांब गुलाबी जीभ दिसली.

 तिनं आत जाऊन तोंड धुतलं, नळ चालू ठेवून तशीच उभी राहिली. नवरा आल्यावर त्याला गॅलरीत नेऊन हळू आवाजात सांगितलं.

"म्हणजे कारण सापडलं!" तो म्हणाला. "सांगून टाक की त्यांना."

"आणि आईंना?"

त्यानं वळून आत आईच्या खोलीकडे पाहिलं.

"सांगून काही उपयोग नाही," सून म्हणाली. "नियम असा आहे की औषध अंगात कसं गेलं याला महत्त्व नाही. घोडी माझ्या नावावर उतरली, जबाबदारी माझी. शिक्षा थोडी कमी होईल, फार तर. त्याच्यासाठी त्यांना हे कशाला कळू द्यायचं?"

"थोडी कमी म्हणजे किती?"

"मला नाही माहीत. पण त्या जगतील कशा हे घेऊन?"

दोघांनी ठरवलं, बोलायचं नाही. सुनेनं दुसऱ्या दिवशी वेगळं मलम आणून ठेवलं, साधं पेपरमिंटचं, आणि जुनी ट्यूब गुपचूप उचलली. तिथंच घोळ झाला. सासूबाईंना वस्तू हलवलेली लगेच कळायची.

"माझी ट्यूब कुठाय?"

"संपली होती ना, आई. ही चांगली आहे."

"संपली नव्हती." सासूबाईंनी नवीन ट्यूब हातात फिरवली. मग सुनेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "ते जे औषध घोडीत निघालं म्हणतात," त्या म्हणाल्या, "ते मलमातही असतं का गं?"

सुनेला पटकन खोटं बोलता आलं असतं. रोज दहा लोकांना ती औषधांबद्दल सांगायची, तिच्या शब्दावर कोणी शंका घेत नसे. पण मान हलली ती होकाराचीच.

सासूबाई खाली बसल्या. हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे.

"मी धुतले होते," त्या म्हणाल्या. "नाही, नव्हते धुतले. ती येताना दिसली, मी उठले. मिठात हात घातला. नव्हते गं धुतले."

"आई, मलम मी आणलं होतं. त्यात काय आहे हे मला माहीत होतं, तुम्हाला नव्हतं."

"तू मला सांगितलं असतंस, तर मी लावलं असतं का?"

हे त्यांनी दोष द्यायला म्हटलं नव्हतं. खरंच विचारत होत्या.  इतकी वर्षं खुराकाचा कण न् कण तपासला, पागेत काम करणाऱ्यांच्या गोळ्या विचारल्या, पण घरातल्या बाईच्या दुखऱ्या मनगटापर्यंत तिचं डोकं पोचलंच नव्हतं.

"मी येते तिथं," सासूबाई म्हणाल्या. "त्या साहेब लोकांना सांगते. माझ्या तोंडून ऐकलं की कळेल त्यांना."

*

सुनावणी एका कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होती. लिफ्टमध्ये नवऱ्यानं सवयीनं छताकडे कान लावला आणि म्हणाला, "हिचे रोलर गेलेत." 

लांब टेबल, पाण्याचे ग्लास, झाकण्या घातलेले. पलीकडे तिघं: अध्यक्ष, एक वकील बाई आणि औषधांचे तज्ज्ञ. भिंतीवर पळत्या घोड्याचा फोटो. अध्यक्षांनी सासूबाईंसाठी स्वतः उठून खुर्ची सरकवली.

सासूबाईंनी घरी पाठ करून ठेवलं होतं, ते सगळं विसरल्या. त्यांनी आपलं मनगट दाखवलं. काकडीपासून सुरुवात केली. गोगलगाय पाणी कशी प्यायची नाही, मग कशी प्यायला लागली, त्या दिवशी ऊन किती होतं. वकील बाई मध्येच म्हणाल्या, "आजी, त्या थांब्यावर काय झालं तेवढं सांगा." अध्यक्ष म्हणाले, "बोलू दे त्यांना." सासूबाई बोलत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "चूक माझी आहे. तिला शिक्षा नका करू. मला करा. मला काय करायची ती करा."

तज्ज्ञांनी चष्मा काढला. "असं होऊ शकतं," ते म्हणाले. "जेवढं सापडलंय, ते इतकं कमी आहे की चाटण्यातून जाऊ शकतं. पण असंच झालं, हे छातीठोकपणे मी सांगू शकत नाही. दुसऱ्या मार्गानंही गेलं असू शकतं."

"दुसऱ्या कुठल्या?" सुनेनं विचारलं.

"आधी मोठा डोस दिला असेल आणि तो उतरत आला असेल, तरी आकडा असाच दिसेल."

 वकील बाईंनी विचारलं, "हे मलम घरात कोणी आणलं?"

"मी."

"तुम्ही फार्मासिस्ट आहात?"

"हो."

"त्यात काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"ज्या हातांना ते लागलंय, ते हात घोडी चाटते, हेही?"

सुनेनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या आशेनं तिच्याकडे बघत होत्या, जणू आता ती असं काही बोलेल की सगळ्या गोष्टी जागच्या जागी बसतील.

"हो," सून म्हणाली.

अध्यक्षांनी टेबलावर हात जुळवले. "मॅडम, तुमच्यावर आमचा विश्वास नाही असं नका समजू. माझं व्यक्तिशः मत विचाराल तर आजी बोलल्या त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण आम्ही आज विश्वासावर सोडलं, तर उद्या प्रत्येक जण आईला घेऊन येईल."

सुनेला हे आधीच माहीत होतं. नियम चुकीचा असता, तर भांडता आलं असतं. तो बरोबर होता. तिच्या घोडीसारख्या घोड्यांसाठीच तो केला होता.

निकाल महिन्याभरानं आला. घोडीला दोन महिने मनाई, सुनेला दीड वर्ष. हात चाटल्याचं मान्य करून शिक्षा थोडी कमी केली होती, ती एवढी. त्या शर्यतीतली गोगलगायीची वेळ रद्द, म्हणजे संघाची वेळ रद्द. दुसऱ्या क्रमांकाचा संघ परदेशी गेला. कप्तानानं शाळेतून रजा मंजूर करून घेतली होती, ती त्यानं रद्द करून टाकली आणि बस चालवत राहिला.

*

सासूबाई पागेत जायच्या बंद झाल्या. घरात सारख्या हात धुवायच्या, कातडं पांढरं पडेपर्यंत. मनगट ठणकायचं तरी कसलंच मलम लावू देईनात. सून समजवायची, मुलगा रागवायचा, त्या "हो हो" म्हणायच्या आणि पुन्हा नळाशी जायच्या. एकदा सुनेनं त्यांना जवळजवळ ओढत पागेत नेलं. घोडीनं लांबूनच ओळखलं, मान वर करून खिंकाळली, दारावर छाती टेकवली. सासूबाई मधल्या वाटेवरच थांबल्या. हात पदराखाली घेतले.

"बरी आहे ना? बघितली. चल घरी."

"आई, आता शर्यत नाही काही. नुसता हात लावा तिला."

"नको गं."

घोडी तरुण राहणार नव्हती. दीड वर्ष ठाणात उभी राहिली असती तर तिची चांगली वर्षं तशीच गेली असती. तिची मनाई उठल्यावर सुनेनं स्वतःच कप्तानाला म्हटलं, तुम्ही बसा तिच्यावर. कप्तानाचं घोडं म्हातारं झालं होतं. तो आधी नाही म्हणाला, मग दोन दिवसांनी आला आणि म्हणाला, "चालेल, पण घोडी तुमचीच."

त्यानं पाण्याचा प्रश्नही सोडवला. भिजवलेला खुराक बादलीत तरंगत ठेवायचा, घोडी तो खायला तोंड घालते आणि पाणीही पिते. मीठ नको, हात नको. सुनेनं हे घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई." आणि उठून बाथरूममध्ये गेल्या. बराच वेळ नळ वाहत राहिला.

कप्तानाची गोगलगायीवरची पहिली शर्यत जवळच होती. मनाई असलेल्या माणसानं शर्यतीच्या आवारात पाऊल टाकायचं नसतं, मदत करायची नसते, लांबून ओरडून सल्लाही द्यायचा नसतो. पण एक फेरी डांबरी रस्ता ओलांडून जायची, आणि रस्ता सगळ्यांचा होता. "या," कप्तान म्हणाला, "पण जरा लांब उभ्या राहा, वहिनी."

नवऱ्याच्या कामाची गाडी घेऊन सून निघाली. सासूबाई "मी नाही येत" म्हणत म्हणत चपला घालून बाहेर आल्या.

त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला लावली. ओलांडायच्या जागी नारिंगी जाकिटातला एक पंच झेंडा घेऊन उभा होता. त्यानं सुनेला ओळखलं. मान हलवली, पण नजर तिच्यावरून काढली नाही. एकामागून एक घोडी गेली. मग उतारावर राखाडी रंग दिसला. गोगलगाय मोकळ्या चालीनं येत होती, कान पुढे, पाय हलके. सुनेला पहिल्यांदाच तिला पळताना समोरून बघायला मिळत होतं. इतकी वर्षं ती पाठीवरच होती.

घोडी रस्त्याशी आली आणि थांबली. मान गाडीकडे वळवली. नाकपुड्या फुलल्या. कप्तानानं टाच लावली. ती हलली नाही. त्यानं पुन्हा लावली. घोडी हळू आवाजात घुरघुरली, पागेत सकाळी दार उघडल्यावर घुरघुरायची तशी.

"चल बाई," एवढं सुनेनं म्हटलं असतं की ती सुटली असती. ते दोन शब्द सुनेच्या ओठांवर येऊन थांबले. पंच बघत होता. मागून दुसरं घोडं आलं आणि पुढे निघून गेलं. कप्तानानं एकदा सुनेकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. सुनेनं घोडीकडे पाठ केली. समोर शेताचं कुंपण होतं, त्याच्या तारेत एक कागद अडकला होता, तिनं त्याच्यावर डोळे रोखले. गाडीत सासूबाई सीटवरून खाली सरकून, गुडघ्यांत डोकं घालून बसल्या होत्या, आपण दिसलो तर घोडी जाणार नाही म्हणून.

शेवटी खोगिराचं चामडं करकरलं. कप्तान खाली उतरला होता. त्यानं लगाम धरून घोडीला चालवत रस्ता पार केला. डांबरावर नालांचा आवाज झाला, मग मातीत विरला.

सून गाडीत येऊन बसली.

"गेली का?" सासूबाईंनी खालूनच विचारलं.

"गेली."

"थांबली होती ना? मला ऐकू आलं."

"हो, थांबली होती."

सासूबाई कशाबशा वर सरकून सीटवर बसल्या. सुनेनं हात दिला, तो त्यांनी घेतला नाही, दाराला धरून उठल्या. "तिला वाटलं असेल," त्या म्हणाल्या, "ह्या दोघी इथं आहेत आणि माझ्याकडे बघत पण नाहीत."

सुनेनं किल्ली फिरवली.  संध्याकाळी कप्तानाचा फोन आला: घोडी नववी आली, पाय ठणठणीत, नाडी उत्तम, पाणी भरपूर प्यायली. रस्त्यावर थोडा वेळ गेला, नाहीतर आणखी वर आली असती, पण त्याचं काही वाईट वाटून घेऊ नका.

"बरं," सून म्हणाली. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात सांगायला गेली, तर सासूबाई दिवा न लावता ओट्यापाशी उभ्या होत्या. फोनमधला कप्तानाचा मोठा आवाज तिथवर आला होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"नववी," त्या म्हणाल्या, आणि ताटं घ्यायला लागल्या.